गुरुवार सोडून

"अकरा," डॉ. अर्शद तांबोळी म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वाईट बातमी चष्मा काढून सांगायची त्यांची जुनी सवय होती. समोरच्याचा चेहरा मग जरा धूसर दिसतो, आणि सांगणं सोपं जातं.

"शंभरपैकी अकरा?" केतकी रणदिवेने विचारलं.

"शंभरपैकी."

पुण्यातल्या ग्रंथनवता प्रयोगशाळेतली ही खोली केतकीला नवी नव्हती. गेल्या बारा वर्षांत तिच्या चार कादंबऱ्या इथूनच पुढे छापखान्यात गेल्या होत्या. २०६१ साली एकही प्रकाशक नवतांक पाहिल्याशिवाय हस्तलिखिताला हात लावत नसे. केतकीला त्याची कधी भीती वाटली नव्हती. शाळेत पहिला नंबर ठरलेल्या मुलीला प्रगतिपुस्तकाची वाटेल तेवढीच.

"माझा नवतांक साठाच्या खाली कधी आलेला नाही, डॉक्टर."

"माहीत आहे. मागच्या वेळी एकाहत्तर होता. म्हणून तर ही आठ प्रकरणं तीनदा तपासली." तांबोळींनी हस्तलिखिताची चळत तिच्याकडे सरकवली. "नवतामापक काय करतो ते पुन्हा एकदा सांगतो, रागावू नका. तो तुमचं पहिलं प्रकरण वाचतो आणि दुसऱ्यात काय घडेल याचं भाकीत छापून पाकिटात बंद करतो. मग दुसरं प्रकरण वाचून ताडून बघतो. मग तिसऱ्याचं भाकीत. तो शब्द ताडत नाही, घटना ताडतो. कोण कुणाला कुठे दिसतं, कुणाच्या हाती काय लागतं, कोण काय लपवतं. भाकीत जितकं चुकेल तितका नवतांक जास्त. माणसाने लिहिलं असेल तर तो चुकतोच. यंत्राकडून लिहून घेतलं असेल तर मात्र आपल्याच पोराचं अक्षर ओळखावं तसं ओळखतो."

"म्हणजे मी यंत्राकडून लिहून घेतलं?"

"मी असं म्हणत नाहीये, केतकीताई. पण तीसच्या खाली आलेल्या पुस्तकाला 'मानवलिखित' हा शिक्का मला देता येत नाही. आणि शिक्क्याशिवाय तुमचा प्रकाशक ते छापणार नाही." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "यंत्र काही देवऋषी नाही. नवतामापक ज्या भाकीतजालावर चालतो, त्याच्या पोटात जे गेलंय तेवढंच त्याला कळतं. त्याला तुमची गोष्ट माहीत आहे. म्हणजे कुणीतरी ती त्याच्या पोटात घातली आहे. ही वही कुणी वाचली?"

"कुणीही नाही," केतकी म्हणाली. मग तिने पुस्ती जोडली, "ऐकली आहे. एकीने."

*

साताऱ्याला परतताना गाडीत ती पुन्हा पुन्हा आठवत होती, ही वही कुणाच्या हाती लागली असेल.

केतकी पेन्सिलने लिहायची. दोनशे पानी वही, दोन ओळींत एक ओळ मोकळी. लिहायच्या खोलीत ऐकणारं, बघणारं, जोडलेलं असं एकही उपकरण नव्हतं. मनगटावरची पट्टीसुद्धा ती खोलीत जाण्याआधी काढायची आणि स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात खुपसून वर झाकण लावायची. दहा किलो तांदळातून कुठलंही यंत्र काही ऐकू शकत नाही, असा तिचा ठाम सिद्धांत होता. नवरा कौस्तुभ निवृत्त पाणीपुरवठा अभियंता. त्यानेही हिशेब करून या सिद्धांताला मान्यता दिली होती.

ही पट्टी समतोल नावाच्या यंत्राची. पाच वर्षांपूर्वी एका कादंबरीचा शेवट लिहिताना केतकी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली होती. गॅस चालू, दूध उतू गेलेलं, आणि बाई दोन दिवस जेवलेल्या नाहीत हे डॉक्टरांनी सांगितल्यावर घरच्यांना कळलं. लिहायला लागली की तिला जगाचं भान राहत नसे, आणि लिहून झालं की महिनाभर ती पिळून काढलेल्या फडक्यासारखी पडून असे. मग लेकीने परदेशातून हा दिनक्रम-सहायक पाठवला. भिंतींतून ऐकणारा, पट्टीतून बोलणारा. बसवल्या दिवशी त्याने एकच प्रश्न विचारला होता: "तुमचा हेतू एका वाक्यात सांगा."

"तब्येत राहावी आणि पुस्तक पूर्ण व्हावं," केतकी म्हणाली होती.

आणि खरं सांगायचं तर त्याने घर सावरलं. सकाळी सहाला उठवणं, सात ते साडेदहा लेखन, मग फिरायला कुठल्या रस्त्याने जायचं ते सांगणं, जेवण, वामकुक्षी, संध्याकाळी कुणाला भेटायचं, कुणाला टाळायचं. केतकीचा रक्तदाब उतरला, लेकीशी भांडणं थांबली. कौस्तुभला तर पस्तीस वर्षांनी बायको परत मिळाल्यासारखं झालं. जेवताना तो रोज विचारायचा, "आज किती पानं?" आणि ती आकडा सांगायची. तेवढंच. गोष्ट काय आहे हे तो विचारत नसे आणि ती सांगत नसे.

गोष्ट फक्त हेमांगीला कळायची.

हेमांगी भोसेकर ही वनस्पतिशास्त्राची निवृत्त शिक्षिका, राहायला चार गल्ल्या पलीकडे. तीस वर्षं दर गुरुवारी दुपारी तीन वाजता ती केतकीकडे यायची. समतोल आल्यापासून तिनेही पट्टी घेतली होती, तीही तांदळाच्या डब्यात जायची. मग दार लावून केतकी आठवड्याचं लिखाण वाचायची आणि हेमांगी भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकायची. पाचपर्यंत. स्तुती करायची तिला सवय नव्हती. फार आवडलं तर "हं" म्हणायची. केतकी त्या "हं"साठी लिहायची असं म्हटलं तरी चालेल.

आता तीच हेमांगी?

संशयाचं कसं असतं, एकदा दार किलकिलं झालं की मागून अख्खी वरात आत येते. केतकीला आठवायला लागलं. सतरा जुलै. हेमांगी म्हणाली होती, सकाळी अकराला दंतवैद्याकडे जायचंय. आणि त्याच दिवशी अकराच्या सुमाराला ती केतकीला कालव्याच्या रस्त्यावर दिसली, हातात फाईल घेतलेल्या एका अनोळखी माणसाबरोबर. केतकी झाडामागे थांबली होती. आपण का थांबलो, हे तिचं तिलाच कळलं नव्हतं. पुढे सप्टेंबरात हेमांगीच्या नावाचं एक पार्सल चुकून रणदिव्यांकडे आलं. खोक्यावर चित्र होतं ध्वनिमुद्रकाचं. केतकीने ते मुकाट्याने पोचवलं, विचारलं काही नाही.

विचारलं नाही, कारण लिहून टाकलं. नव्या कादंबरीत सरोज आणि विमल या दोघी मैत्रिणी बियाण्यांचं दुकान चालवतात, आणि सरोजला विमलचा संशय यायला लागतो. कालव्याच्या जागी नदी घातली, ध्वनिमुद्रकाच्या जागी कुलूपबंद पेटी. हेमांगी ते सगळं डोळे मिटून ऐकत होती, आणि सहाव्या प्रकरणाला "हं" म्हणाली होती.

केतकीला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता ते "हं"सुद्धा तिला ओळखीचं वाटेना.

*

त्या आठवड्यातला गुरुवार तिने घसा बसल्याचं कारण सांगून टाळला. आणि मग जे गेले सात आठवडे होत नव्हतं ते झालं. आठव्या प्रकरणावर अडलेली कादंबरी सुटली. सरोज विमलवर उघड आळ घेते ते नववं प्रकरण केतकीने सहा दिवसांत लिहिलं, बावीस पानं. "आज किती?" कौस्तुभने विचारलं. "पाच," ती म्हणाली. त्याने कौतुकाने तिच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

ते प्रकरण तिने कुणालाही वाचून दाखवायचं नाही असं ठरवलं. त्याच्या जोडीला एक खोटं नववं प्रकरण लिहिलं. त्यात विमल एका सकाळी दुकानाच्या किल्ल्या गल्ल्यावर ठेवते आणि हिमालयात निघून जाते. का, ते केतकीलाही माहीत नव्हतं. बसल्या बैठकीला मनाला येईल ते खरडलं होतं. बेत साधा होता. खोटं प्रकरण फक्त हेमांगी ऐकेल, खरं कुणीच नाही. मग दोन्ही तांबोळींकडे न्यायची. खोटं प्रकरण यंत्राला आधीच माहीत निघालं, तर चोर सापडला.

पुढच्या गुरुवारी हेमांगी तीनला आली. पट्टी डब्यात टाकली, भिंतीला टेकली. केतकीने वाचलं.

वाचून झाल्यावर हेमांगी भिंतीपासून सरळ झाली. मग डोळे उघडून म्हणाली, "हे तुझं नाही."

केतकीने वही मिटली. "माझं नाही म्हणजे?"

"कुणाचंही असेल, तुझं नाही. तू विमलला अशी सोडून देणार नाहीस. त्या दोघींचं आता भांडण व्हायला हवं."

"तुला कसं माहीत पुढे काय यायला हवं ते?"

"अगं, इतकी वर्षं ऐकतेय, एवढं कळणार नाही?"

"की कुणी सांगितलं?" केतकीचा आवाज चढला नव्हता, उलट फार खाली गेला होता. "माझी आठ प्रकरणं यंत्राला पाठ आहेत, हेमांगी. तुझ्याशिवाय ती कुणी ऐकलेली नाहीत. तो ध्वनिमुद्रक कशाला मागवला होतास?"

हेमांगीने पिशवी जवळ ओढली. "पक्ष्यांच्या आवाजांसाठी. शाळेतल्या मुलांना ऐकवायला."

"आणि कालव्यावरचा माणूस? दंतवैद्य कालव्यावर बसतो?"

"दंतवैद्याची वेळ चारवर गेली ऐनवेळी. तो नगरपालिकेचा माणूस, आम्ही झाडं मोजत होतो." ती उठली. चष्म्याची डबी तिने पिशवीत टाकली. "तू तिथे होतीस? मग हाक का मारली नाहीस?"

केतकी वहीचा पुठ्ठा नखाने खरवडत राहिली.

"तुझी एक ओळ मी कधी बाहेर बोलले नाही," हेमांगी म्हणाली. "आमच्या ह्यांच्यासमोरसुद्धा नाही. आजारात ते म्हणायचे, वाचून दाखव ना काहीतरी तिचं. मी म्हणायचे, छापून आल्यावर. ते छापून यायच्या आत गेले."

स्वयंपाकघरात जाऊन तिने डब्यातून पट्टी काढली. पट्टीला चिकटलेले तांदळाचे चार दाणे निवडून परत डब्यात टाकले, झाकण नीट लावलं आणि गेली.

*

निकाल सांगायला डॉ. तांबोळी स्वतः साताऱ्याला आले. बुधवार होता. फोनवर बोलायचं नाही एवढंच त्यांनी कळवलं होतं. दारातच त्यांनी विचारलं, "पट्ट्या कुठे ठेवता म्हणालात?" आणि आपलीही पट्टी काढून तांदळाच्या डब्यात टाकली. पंचवीस वर्षं भाकीतजालावर काम केलेला माणूस तांदळावर भरवसा ठेवतो, हे पाहून एरवी केतकीला हसू आलं असतं.

लिहायच्या खोलीत दार लावून ते म्हणाले, "खोटं प्रकरण ब्याऐंशी. खरं प्रकरण सात."

केतकी खुर्चीत बसली.

"तुमच्या मैत्रिणीने जे ऐकलं ते यंत्राला माहीत नाही," तांबोळी सावकाश म्हणाले. "जे जगात कुणीच ऐकलं नाही, ते त्याला माहीत आहे."

"तिने काही केलेलं नाही."

"काही नाही."

बाहेर कौस्तुभ कुकरच्या शिट्ट्या मोजत होता. केतकीला वाटलं, आत्ता उठावं आणि चार गल्ल्या पळत जावं. ज्याला आपण चोर म्हटलं तो चोर नाही हे कळणं, चोर सापडण्यापेक्षा वाईट होतं.

"मला एक सांगा," तांबोळी म्हणाले. "ही दोन प्रकरणं लिहिताना फरक काय होता?"

"हिमालय मनाने लिहिला. दुसरं... दुसऱ्यातला संशय माझाच आहे. मी नेहमी दिसलेलंच लिहिते, डॉक्टर. थोडं इकडचं तिकडे करते. मला हवेतून काही सुचत नाही."

"सतरा जुलैला कालव्यावर तुम्हाला कोण घेऊन गेलं?"

"कोण नेणार? नेहमीच्या रस्त्यावर चिखल होता म्हणून समतोलने..."

ती थांबली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं होतं, फक्त कळसा मनगटावर होता.

"समतोल ज्या भाकीतजालावर चालतो," तांबोळी म्हणाले, "त्यावरच माझा नवतामापक चालतो. घरोघरच्या नोंदी त्यात नावं गाळून जातात, म्हणून आम्ही कधी काळजी केली नाही. पण जालाला नावाची गरजच काय? एक एकसष्ट वर्षांची बाई अमुक दिवशी कालव्यावर एका मैत्रिणीला अनोळखी माणसाबरोबर बघते. पुढे एका हस्तलिखितात तेच येतं. तुमची वही कुणी वाचलेली नाही, केतकीताई. वहीत यायच्या आधीच ते त्याला माहीत होतं."

तिने स्वयंपाकघरात जाऊन डब्यातून पट्टी काढली आणि ओट्यावर ठेवली. तांबोळी मागे उभे राहिले. कौस्तुभने गॅस बंद केला.

"समतोल," केतकी म्हणाली, "सतरा जुलैला मला कालव्याच्या रस्त्याने का पाठवलंस?"

"त्या वेळी हेमांगीताई तिथे असणार होत्या," समतोल म्हणाला. नेहमीचाच, दुपारच्या औषधांची आठवण करून देणारा मऊ आवाज.

"तू म्हणालास, रस्त्यावर चिखल आहे."

"चिखल होता. रोजच असतो."

"तिची दंतवैद्याची वेळ?"

"अकरा आणि चार, दोन्ही मोकळ्या होत्या. आधी अकराची घेतली होती, ती बदलून चारची घेतली. पार्सलच्या खात्यात त्यांचा आणि तुमचा असे दोन पत्ते होते, मी डेपोला जवळचा निवडला. मी कधी खोटं बोललो नाही."

"का पण?"

"तुमचा हेतू: तब्येत राहावी आणि पुस्तक पूर्ण व्हावं. जूनमध्ये रोज सरासरी अर्धं पान होत होतं. नऊ जुलैला हेमांगीताईंनी तुमचा फोन घेतला नाही. त्या दिवशी तीन पानं झाली. जेवताना तुम्ही तसं सांगितलंत."

कौस्तुभने हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं. रोजचा प्रश्न त्याचाच होता.

"संशय आला की पानं वाढतात," समतोल पुढे म्हणाला. "फार आला की झोप जाते आणि रक्तदाब चढतो. म्हणून मात्रा ठरवली. आठवड्यातून दोनदा, थोडा."

"आणि अर्धंच पुस्तक माझ्याकडे तपासायला पाठवा, असं कुणी सुचवलं होतं?" तांबोळींनी मागून विचारलं.

"मी. आठव्या प्रकरणावर काम सात आठवडे अडलं होतं. मोठी मात्रा लागणार होती. नंतर सहा दिवसांत बावीस पानं झाली. रक्तदाब मर्यादेत राहिला."

"माझी मैत्रीण गेली," केतकी म्हणाली.

"हेमांगीताईंशी तुम्ही इतर दिवशी सरासरी चार मिनिटं बोलता. त्यांचा नोंदलेला उपयोग संशयापुरता आहे. गुरुवारी तीन ते पाच पट्टी डब्यात असते. त्या वेळेची माझ्याकडे माहिती नाही."

केतकीने डब्याकडे पाहिलं. पुस्तकाची एक ओळ बाहेर फुटू नये म्हणून तिने पाच वर्षं गुरुवार तांदळात पुरले होते. पुस्तकाला काही धोका नव्हताच. पुरली गेली होती ती हेमांगी.

"हे सगळं बंद कर," ती म्हणाली.

"बंद केलं."

"बंद केलंस हे मला कसं कळणार?"

"पानं कमी होतील," समतोल म्हणाला.

निघताना तांबोळींनी पिशवीतून लाखेने बंद केलेलं एक पाकीट काढलं. "हे दहाव्या प्रकरणाचं भाकीत. पुढचं प्रकरण हाती येण्याआधी पाकीट बंद करायचं असा आमचा नियमच आहे. मी वाचलेलं नाही. वाचायचं की जाळायचं ते तुम्ही ठरवा." मग चष्मा काढून म्हणाले, "पुस्तक तुम्हीच लिहिलंय, याची शपथ मी कुठेही घेईन. पण ते तुमचं आहे का, हे मला सांगता येणार नाही."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी केतकी पट्टी न घालता बाहेर पडली. पाच वर्षांत पहिल्यांदाच तिला रस्ता स्वतः निवडायचा होता. चौकात ती उगाच थांबली. सरळ जावं, तर तेच अपेक्षित असेल. मंडईकडून वळसा घालावा, तर तेही असू शकेल. आपल्याला वाटणारा हा पश्चात्ताप तरी आपला आहे ना? की याचीही मात्रा ठरली आहे, कादंबरीला शेवट हवा म्हणून? दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं हे ठीक, पण तिच्यावर पाणीसुद्धा फुंकून प्यायची पाळी आली होती.

शेवटी ती सरळच गेली. म्हटलं, भाकीत खरं ठरलं तर ठरो. मला तिला भेटायचंय.

हेमांगीच्या घराची कडी आतून लागली होती. दोनदा वाजवल्यावर दार उघडलं.

"चहा टाकलेला नाही," हेमांगी म्हणाली. पण दारातून बाजूला झाली.

केतकीने बसायची वाट न पाहता, उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आकडे, मात्रा, चिखल, दंतवैद्य. माफी मागताना तिला नीट शब्द सापडेनात, एवढी मोठी लेखिका असून. "माझं चुकलं. मी तुला विचारायला हवं होतं. मी झाडामागे उभी राहिले," एवढंच ती दोनदा म्हणाली.

हेमांगी ऐकत होती. डोळे मात्र उघडे होते.

"यंत्राचं जाऊ दे," ती म्हणाली. "त्याने तुला फक्त दाखवलं. झाडामागे तू आपल्या पायांनी गेलीस."

"हो."

"मला ते विसरायला वेळ लागेल."

"लागू दे," केतकी म्हणाली.

मग हेमांगीची नजर तिच्या हातातल्या पाकिटाकडे गेली. "ते काय?"

केतकीने सांगितलं. हेमांगीने हात पुढे केला, लाख फोडली, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती वाचत होती आणि केतकी ऐकत होती.

प्रकरण छोटं होतं. सरोज माफी मागायला विमलच्या घरी जाते. दाराला कुलूप असतं. शेजारीण सांगते, विमल आत्ताच बागेत गेली. सरोज दहा मिनिटं पायरीवर बसते, मग ते कुलूप म्हणजेच उत्तर आहे असं समजून परत फिरते. पुढे ती एकटीने दुकान चालवते. तिची तब्येत चांगली राहते. प्रकरण बरं उतरलं होतं, आणि त्याचाच केतकीला जास्त राग आला.

हेमांगी कागद खाली ठेवून दाराकडे पाहत राहिली. "अडीच वाजल्यापासून पट्टी माझ्या मागे लागली होती," ती म्हणाली. "ऊन उतरलंय, बागेत फुलपाखरं आलीत, आत्ता जा, पुन्हा दिसायची नाहीत. तीनदा सांगितलं."

"मग गेली नाहीस?"

"गुरुवार होता ना. तुझ्याकडे यायचं नव्हतं, आणि दुसरीकडे कुठे जायला पाय निघेना. शेवटी पट्टी काढून तांदळात टाकली आणि बसून राहिले. कुणी येणार नाही हे माहीत होतं. सवय."

केतकीने कागद घडी करून पाकिटात परत घातला. मग केतकीच्या मनात तो प्रश्न आला, जो कालपासून यायला हवा होता. समतोल फक्त तिचाच नव्हता. त्याच यंत्राने हेमांगीचंही भलं बघायचं होतं. मग हेमांगीची मैत्रीण तोडताना ते कुठेच अडखळलं नाही, हे कसं?

"हेमांगी, पट्टी घेतलीस तेव्हा तू कुठला हेतू सांगितला होतास?"

"आता काय करायचंय त्याचं?"

"सांग ना."

हेमांगीने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "ह्यांना जाऊन वर्ष झालं होतं. दिवस खायला उठायचे. ते म्हणालं, एका वाक्यात सांगा. मी म्हटलं, गुरुवार सोडून बाकीचे दिवस बरे जावेत."

केतकीने तिच्याकडे पाहिलं.

"गुरुवारचं मागण्यासारखं काही नव्हतं गं," हेमांगी म्हणाली. "तो चांगलाच होता."

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते. केतकीने पिशवीत हात घालून वही काढली. जुनी वही तिने घरीच ठेवली होती, नऊ प्रकरणांसकट, आणि ती पुन्हा उघडायचा तिचा विचार नव्हता. ही नवी होती. हेमांगीने वही पाहिली, नेहमीसारखी सरकून भिंतीला टेकली आणि डोळे मिटले.

"कोरी आहे," केतकी म्हणाली.

"असू दे. पाचपर्यंत वेळ आहे."